पांढऱ्या पीचच्या बरण्या

९ जुलै, सोमवार

यंदा पिवळा पीच काही दिसायचा नाही. मार्चअखेरीस हिम पडलं आणि आमच्या भागातल्या झाडून सगळ्या बागांचा मोहोर एका पहाटेत काळा पडला. हमरस्त्यावरच्या टपरीत कॅलिफोर्नियाचे पीच मांडलेत. दिसायला राजकन्या, चवीला भोपळा. डॉटी क्रम्प भेटली तर म्हणते, "व्हर्डेल, यंदाचा हिवाळा तुझ्या बरण्यांवाचूनच काढायचा म्हणायचा." वाईट वाटल्याचं तोंडाने म्हणत होती, डोळे मात्र हसत होते.

तिला माझ्या नवऱ्याचं, हॉलिसचं झाड माहीत नाही. परसातलं ते पांढऱ्या पीचचं झाड उशिरा फुलतं, म्हणून हिमातून वाचलं. हॉलिस झाडाखाली उभा राहून कोपरापर्यंत रस गाळत खायचा. त्या झाडाच्या बरण्या मी कधी भरल्या नाहीत, पिवळेच इतके असायचे की हात पुरत नसत. यंदा पहिल्यांदा भरतेय. हॉलिस बघायला नाही, पण त्याचं झाड साऱ्या चर्चच्या पानात पडेल. डॉटीच्या नाकावर टिच्चून.

सोलायला बसले तर सूनबाई आली. लामार आणि त्याची बायको हायडी हॉलिस गेल्यापासून इथेच राहायला आलेत, मला एकटीला झेपणार नाही म्हणे. हायडी मिनेसोटाची. तिकडे पीच डब्यातच उगवतात.

"मिस व्हर्डेल, यात लिंबाचा रस कधी घालायचा?"

"आपल्याकडे पीचमध्ये लिंबू घालत नाहीत."

"पण हे पांढरे आहेत. यांच्यात आंबटपणा पुरेसा नसतो, नुसतं उकळून भागत नाही. झाकण बंद झालं की आत विष धरू शकतं. वास येत नाही, चवही बदलत नाही. माणसाला आधी एकाचे दोन दिसतात, पापण्या जड होतात, मग जीभ, मग श्वास. आणि शेवटपर्यंत तो शुद्धीवर असतो. मी बरण्या भरायच्या कोर्समध्ये शिकलेय." हे सगळं ती अगदी हळू आवाजात बोलली, चर्चमध्ये बोलावं तसं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, "माझ्या आजीने बरण्या भरल्या, आईने भरल्या, मी चाळीस वर्षं भरतेय. या घरचे पीच खाऊन अजून कोणाचं मढं उचललेलं नाही. तुझ्या कोर्सने किती बरण्या भरल्यात?" आणि सुरी अशी आपटली की कोय जाऊन भिंतीला लागली.

लामार दारातूनच म्हणाला, "हायडी, सोड आता. ममाला त्रास नको देऊ." सोडलं तिने. देव तिचं भलं करो, पोरगी वाईट नाही. फक्त कधी बोलायचं नाही हे तिला कोणी शिकवलं नाही.

११ जुलै, बुधवार

भरल्या. दोन दिवस स्वयंपाकघराची भट्टी झाली होती. सोलून, अर्धे करून, पोकळी खाली ठेवून एकावर एक बसवले, वर पाक. बंद बरण्या उकळत्या पाण्यातून काढून टॉवेलवर ठेवल्या आणि मग एकेका झाकणाचा टक्क आवाज यायला लागला. हा आवाज आला की बरणी बंद झाली, वर्षभराची निश्चिंती. हॉलिस शेजारच्या खोलीतून ओरडून मोजायचा. या वेळी मी एकटीच ऐकत बसले आणि रडले. लिहायला काय लाजायचं.

मोत्यासारखे दिसतात. पाकात जरा गुलाबी झाक आलीय. मला स्वतःला खाता येत नाहीत, साखरेपायी डॉक्टरने गोडाला हात लावायची बंदी केलीय. लामारपुढे वाटी केली तर म्हणाला, "पोट बरं नाही, ममा." लहानपणी ताप असताना चोरून खायचा.

१५ जुलै, रविवार

चर्चनंतर बरण्या वाटल्या. पाद्र्यांच्या मिसेस टाइडवेलला, डॉटीला, गायनमंडळातल्या बायकांना. डॉटीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "अगं, पण पीच मिळाले कुठून?" म्हटलं, "ज्याला द्यायचे त्याला देव देतो."

शेवटची युनाला दिली. युना फे आणि मी पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या. पण हॉलिसच्या अंत्यविधीनंतर ती मला म्हणाली होती, "व्हर्डी, आता चुलीचा ताबा त्या पोरीला दे. तुझ्या धाकाने घरातली माणसं मान खाली घालून जेवतात." त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलत नव्हते. आज बरणी तिच्या हातात ठेवली आणि म्हटलं, "हॉलिसच्या झाडाचे आहेत." तिने मला मिठीच मारली. मोटारतळाच्या मधोमध, सगळ्यांदेखत. म्हणाली, "म्हातारे, मला वाटलं मी मेल्यावरच बोलशील."

"खा आणि सांग कसे झालेत," मी म्हटलं.

"सांगेन की. तू सोडणार आहेस थोडीच?"

हायडी गाडीपाशी उभी होती. मिठी बघून ती हसेल असं वाटलं, पण ती बरणीकडेच टक लावून बघत होती.

१८ जुलै, बुधवार

सगळ्यांना फोन केले. मिसेस टाइडवेल म्हणाली, "अहो, अप्रतिम!" डॉटी म्हणाली, "वा, काय नाजूक चव." गायनमंडळातल्या तिघी म्हणाल्या, फस्त झाले. ऐकून बरं वाटलं. फक्त रिकामी बरणी एकीचीही परत आली नाही. आमच्याकडे बरणी परत करतात ती धुऊन आणि आत काहीतरी घालून. लोणचं घाला, चार बिस्किटं घाला, पण रिकामी आणायची नाही, आणि ठेवून तर मुळीच घ्यायची नाही. लोकांच्या रीतीभाती कुठे चालल्यात कोण जाणे.

युना म्हणाली, अजून उघडली नाही. आवाज कसासाच येत होता. "रविवारपर्यंत खा," म्हटलं. ती म्हणाली, "व्हर्डी, एक विचारू? तू यात..." आणि थांबली. मग म्हणाली, "काही नाही. खाते."

हायडी रोज संध्याकाळी गाडी घेऊन कुठे जाते कळत नाही. विचारलं तर म्हणते, जरा काम होतं.

२१ जुलै, शनिवार

काम काय होतं ते कळलं. किराणा उतरवायला मी तिच्या गाडीची डिकी उघडली. आत खोक्यात माझ्या बरण्या. माझ्या! माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. काही रिकाम्या, धुतलेल्या. दोन अजून भरलेल्या, झाकण बंद.

मी तिथेच ओरडले. "दिलेली भेट लोकांच्या घरून उचलून आणतेस? माझं नाव खराब करायला निघालीस?" शेजारचे कुत्रे भुंकायला लागले. तिच्या डोळ्यांत पाणी, ओठ घट्ट मिटलेले. लामार धावत आला. म्हणाला, "ममा, तिला बोलू नकोस. मीच तिला म्हटलं होतं, तुला सांगायचं नाही."

"काय सांगायचं नाही?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि मग आत निघून गेली.

माझा अंदाज असा की त्या बायकांना भुलवून बरण्या परत घ्यायच्या आणि कोर्सच्या बाईला नेऊन दाखवायच्या, बघा आमची अडाणी सासू. नाहीतर स्वतःच्या नावावर खपवायच्या. दुसरं काय असणार? आज तिच्या हातचं जेवले नाही. लोणी लावलेला पाव खाल्ला आणि झोपले.

२३ जुलै, सोमवार

युनाने बरणी परत केली! सगळ्यांत एकटीने. धुतलेली, चकचकीत, आत उकडलेले शेंगदाणे. फाटकातच उभी राहिली, आत आली नाही, चष्म्याची तक्रार करत होती, म्हणे काच खराब झालीय.

"कसे होते?"

"रविवारी जेवणात घेतले. लेट्यूसवर अर्धा पीच, वर मेयोनेज आणि किसलेलं चीज, आपल्या आया करायच्या तसं. चार खाल्ले."

"पण कसे होते?"

"हॉलिसची आठवण आली," म्हणाली. "जरा पाणचट होते, खरं सांगू का. पण आठवण आली."

पाणचट! ही बाई मरताना देवालाही ढग मळके आहेत म्हणून सांगेल. पण जीव सुखावला. रागावले तरी सुखावला. हायडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "ज्याने खाल्ले त्याला काही झालेलं नाही बरं का!" ती स्वयंपाकघरात नव्हतीच, कामावर गेली होती.

२४ जुलै, मंगळवार

दुपारी युनाचा फोन. बोलणं असं, जसं तोंडात कापूस कोंबलाय. म्हणाली, सगळं दोन-दोन दिसतंय, दोन टीव्ही, दोन मांजरं. पाण्याचा घोट उतरत नाही. मी म्हटलं, "काल उन्हात चालत आलीस ना टोपीशिवाय? वाऱ्यात बस, बर्फाचा चहा घे." ती म्हणाली, "व्हर्डी, मला भीती वाटतेय." युना आणि भीती? मला ते ऐकवेना. म्हटलं, चष्मा बदल.

फोन ठेवला आणि उगीचच ओटा पुसत बसले. स्वच्छ होता तो.

तिला सहानुभूती हवी असेल. एकटी राहते. मुलगी शार्लीन अटलांटाला.

२५ जुलै, बुधवार

शेजाऱ्यांनी सकाळी युनाला इस्पितळात हलवलं. मेंदूचा झटका म्हणतात. बोलता येत नाही, पापण्या मिटल्यात.

हायडीला कळलं तशी ती कामावरून तडक घरी आली. पर्सही खांद्यावरच. "मिस व्हर्डेल, मिस युनाने ते पीच खाल्ले होते का?"

"मला काय ठाऊक?"

"आठवून बघा. त्या मला म्हणाल्या होत्या की..." आणि थांबली. "त्यांनी तुम्हाला काही सांगितलं का? बरणी परत केली का?"

"नाही," मी म्हटलं.

शेंगदाण्यांची बरणी फ्रिजमध्ये होती. हायडी परत बाहेर गेल्यावर मी ती दुधाच्या कॅनमागे सरकवली. का सरकवली? डॉक्टर झटका म्हणतात. डॉक्टरला कळत नाही का? मी पिवळ्यासारखेच उकळले होते, तितकाच वेळ, त्याच भांड्यात. झाकणं टक्क वाजली होती. मी स्वतः ऐकलंय. आता कुठल्याशा कोर्सवरून मी सगळ्या गावात विष घालणारी बाई ठरायचं? आणि ते खरं नसलं तर? डॉटी जन्मभर सांगत फिरेल. हॉलिसच्या झाडाचं नाव निघेल.

खरं नसेलच.

दोन मांजरं, ती म्हणाली होती. हायडी त्या दिवशी काय म्हणाली होती ते मला आठवतंय. शब्द न् शब्द आठवतोय, आणि मी लिहिणार नाही.

२६ जुलै, गुरुवार

सकाळीच इस्पितळात गेले. कोणाला न सांगता, स्वतः गाडी चालवत. शार्लीन पोचली होती, डोळे सुजलेले. म्हणाली, "मिस व्हर्डेल, मम्मा बेशुद्ध आहे हो."

युना उताणी पडली होती, तोंडात नळी, यंत्र श्वास घेत होतं. नर्सने डोळ्यात औषध घालायला बोटाने तिची पापणी वर उचलली. आणि त्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं.

बेशुद्ध कसली? ती सगळं बघत होती. पहिलीपासून ओळखते मी ती नजर. आत बसून ती सगळं ऐकत होती, शार्लीनचं रडणं, यंत्र, आणि मी आल्याचं. नर्सने बोट काढलं, पापणी पडली.

भिंत धरली. म्हटलं, "हा झटका नाही." कोणी ऐकलं नाही. मग मी ओरडले, आयुष्यभर ओरडत आले तशी. "हा झटका नाही! तिने माझे पीच खाल्ले! पांढरे, लिंबू न घालता बंद केलेले. रविवारी चार खाल्ले. मी भरलेत ते, मी!"

एक तरुण डॉक्टरीण होती. तिच्या हातातला कागद तसाच राहिला. "घरी भरलेले? त्यातली एखादी बंद बरणी आहे?" म्हटलं, घरी रांगा आहेत. ती धावतच बाहेर गेली, धावता धावता फोन. शार्लीन माझ्याकडे बघत राहिली. तिने मला मारलं असतं तरी बरं झालं असतं.

काल हायडीने विचारलं तेव्हा "हो" म्हटलं असतं तर पुरता एक दिवस आधी कळलं असतं. हे मी लिहितेय कारण आता ते मला कोणापासून लपवायचं नाही.

२७ जुलै, शुक्रवार

औषध काल दुपारी विमानाने आलं आणि दिलं. डॉक्टरीण म्हणाली, जे विष नसांना चिकटलंय ते या औषधाने सुटत नाही, पुढचं फक्त थांबतं. नसांना नवे फाटे फुटायला महिने लागतात. तोवर यंत्र. तोवर तग धरला तर. वय आहे. तिने खोटा धीर दिला नाही.

आरोग्य खात्याची माणसं घरी आली, हातमोजे घालून सगळ्या बरण्या उचलून घेऊन गेली. हायडीने त्यांना डिकीतलं खोकंही दिलं. त्यांनी विचारलं, गावात आणखी कोणी खाल्ले का? हायडी म्हणाली, "नाही. बाकीच्या सगळ्या मी परत आणल्यात." मी म्हटलं, "काय बोलतेस? सगळ्यांनी खाल्ले. छान होते म्हणाल्या. मी स्वतः फोन केलेत."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच आजारी आहे.

५ ऑगस्ट, रविवार

युनाला ताप आला. छातीत कफ. दोन दिवस हटेना, आज उतरलाय. शार्लीन मला खोलीत येऊ देत नाही. बाहेरच्या बाकावर बसते मी. ती येते-जाते, माझ्याकडे बघत नाही. बरोबर आहे तिचं.

देवाकडे मागायला तोंड नाही, तरी मागते.

१२ ऑगस्ट, रविवार

आज चर्चचा होमकमिंगचा रविवार. गाव सोडून गेलेली माणसं वर्षातून एकदा परत येतात, झाडांखाली लांबच लांब टेबलं लागतात, प्रत्येक घरचा पदार्थ. मी काही केलं नव्हतं. लामार म्हणाला, "नको जाऊस, ममा." गेले. काय बोलायचं ते तोंडावर बोलू देत म्हटलं.

कोणी काही बोललं नाही. आपणहून चहा आणून दिला. "बरी आहेस ना?" "युनासाठी प्रार्थना करतोय." तेव्हा मीच डॉटीला धरलं. म्हटलं, "तू माझे पीच खाल्लेस का? खरं सांग."

ती चाचरली. "अगं, किती सुंदर दिसत होते ते..."

"डॉटी."

"नाही खाल्ले," ती म्हणाली. "तुझी सून आली होती ना. सगळ्यांकडे गेली होती ती. म्हणाली, धोका आहे, आणि कृपा करून मिस व्हर्डेलना सांगू नका, त्या मोडून पडतील. मग आम्ही दिले परत." तिने माझा दंड थोपटला. "तुझं मन कशाला दुखवायचं, बाई?"

त्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी फोनवर फोन करत होते आणि त्या वा वा म्हणत होत्या.

तिथून उठले ती तडक इस्पितळात. शार्लीन बाकावर एकटी बसली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "हायडी तुझ्या आईकडेही गेली होती का?"

"हो." पहिल्यांदा तिने मान वर केली. "मम्माने मला फोनवर सांगितलं होतं. हायडीला तिने 'टाकून देते' म्हणून कबूल केलं होतं."

"मग खाल्ले का?"

"ती म्हणाली, शार्लीन, बाकीच्या तिला खोटं सांगून मोकळ्या होतील. मला व्हर्डीशी खोटं बोलता येत नाही. ती विचारणार, कसे होते. खाल्लेच नाहीत म्हटलं तर ती पुन्हा बोलणं टाकेल आणि आता आमच्याकडे तेवढी वर्षं उरलेली नाहीत. चार तुकड्यांनी काय होतंय?" शार्लीन रडली नाही. सरळ आवाजात बोलली. "मला वाटलं तिने माझं ऐकलं, म्हणून इस्पितळात मी पीचचं नाव काढलं नाही. मी तिला म्हटलं होतं, मम्मा, खोटं बोल की. सगळेच त्यांच्याशी खोटं बोलतात."

ती उठली आणि दार उघडून धरलं. "जा आत. काल तिने पायाची बोटं हलवली. विचारलं की हलवते."

आत गेले. युनाच्या पायाशी बसले. काही विचारलं नाही. नुसता पाय धरून बसले.

संध्याकाळी घरी आले तर हायडीने जेवण वाढून ठेवलं होतं. तळलेली कोंबडी, भेंडी, मक्याचा पाव. लामार मान खाली घालून जेवत होता. हायडीही मान खाली घालूनच. मी काटा खाली ठेवला आणि म्हटलं, "हायडी, तुम्ही सगळे आणखी काय काय सांगत नाही मला?"

लामार लगेच म्हणाला, "काही नाही, ममा."

"तुला नाही विचारलं."

हायडीने लामारकडे बघितलं. मग ताट बाजूला सारलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. हात मांडीवर घट्ट धरले होते तिने. "पहिल्या दिवसापासून सांगू?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

तिने सुरुवात केली. पहिलंच वाक्य युना अंत्यविधीनंतर म्हणाली होती तेच निघालं, आणि मी टेबलाची कड धरली. पण उठले नाही.